हा धडा झाला जी

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख, डाव्या कोपऱ्यात इयत्ता आणि तुकडी, मधोमध विषय, त्याखाली घटक. एवढं लिहून मी ओढणीवरची खडूची भुकटी झटकली, वर्गाकडे वळले आणि आदल्या रात्री आरशासमोर घोकलेला पहिला प्रश्न विचारला, "मुलांनो, आपला स्वातंत्र्यदिन केव्हा असतो?" अख्ख्या वर्गाचे हात एकदम वर. मला भरून आलं. दुसरा प्रश्न विचारायच्या आत तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "मॅडम, हा धडा झाला जी. आमच्या मॅडमनी घेतला, मग मागच्या आठवड्यात एका सरांनी घेतला. पण तुम्ही घ्या. आम्ही देतो उत्तरं."

२०१९ चा जानेवारी. वर्धा शहरातली एक शाळा, आठवी ब, इतिहासाचा तास, आणि मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची छात्राध्यापिका. शेवटच्या बाकावर गुडघे कसेबसे कोंबून आमचे सर निरीक्षण-तक्ता घेऊन बसले होते. मुलीचं बोलणं त्यांनी ऐकलं असणार, कारण त्यांनी मान खाली घातली आणि चालत असलेलं पेन उगाच झटकलं. माझ्या पाठ टाचणात या वाक्याला जागा नव्हती.

ज्यांनी बी.एड. केलेलं नाही त्यांना पाठ टाचण म्हणजे काय ते सांगायला हवं. तासाआधी त्या तासाची लिहायची ही कुंडली. घटक, उपघटक, उद्दिष्टं, मग त्यांची स्पष्टीकरणं: विद्यार्थी अमुक सांगतो, विद्यार्थी तमुक स्पष्ट करतो, विद्यार्थी फरक ओळखतो. (मुलींच्या शाळेतही आम्ही 'विद्यार्थी सांगतो' असंच लिहीत असू, तिथे कुणीही विद्यार्थी नव्हता.) त्यानंतर उभे रकाने. एकात शिक्षक काय करणार, दुसऱ्यात मुलं काय करणार. मी काय विचारणार हे मी लिहायचं, आणि मुलं काय उत्तर देणार तेही मीच लिहायचं, आदल्या रात्री, घरी बसून. उत्तर चुकीचं येईल असं कुणी लिहीत नसे. मुलं गप्प बसतील असंही नाही. माझ्या वहीतल्या मुलांनी दोन वर्षांत एकदाही चुकीचं उत्तर दिलं नाही.

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात पदवी झालेल्या मुलीला विचारण्यासारखे प्रश्न दोनच, लग्नाचं काय आणि बी.एड.चं काय. शेजारचे निवृत्त मास्तर तर बी.एड.ला अजून बी.टी.च म्हणत, त्यांच्या आधीच्या पिढीतली माणसं त्यासाठी जबलपूरला जायची, असं ते सांगत. मी सीईटी दिली, नाव लागलं, बाबा म्हणाले, "कापसाचे पैसे आले की भरू फी." २०१७ साली मी दाखल झाले तोवर बी.एड. दोन वर्षांचं होऊन गेलं होतं. आधी ते एकाच वर्षाचं होतं. न्यायमूर्ती वर्मा आयोगाचा अहवाल आला, त्यामागून २०१४ चे नवे नियम आले आणि २०१५ पासून वर्ष वाढलं. त्या नियमांत एकूण २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालवायचे आहेत, आंतरवासिता म्हणून. घरच्यांना सप्तपदीची घाई होती, कॉलेजात हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठ घेण्याची पाच पावलं, सुरू झाली. दोन्हींत पावलं ठरलेली, चुकून चालत नाही.

पण त्याही आधी सूक्ष्म पाठ. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० नंतरच्या काही वर्षांत निघालेली ही युक्ती. शिकवण्याचे तुकडे करायचे आणि एका वेळी एकच कौशल्य घासायचं. आपल्याकडे त्याचं चक्र ३६ मिनिटांचं: सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं ऐकून घ्या, बारा मिनिटांत पुन्हा योजना करा, सहा मिनिटं पुन्हा शिकवा, सहा मिनिटं पुन्हा ऐकून घ्या. शिकवायचं कुणाला? एकमेकांनाच. दोन लेकरांची आई असलेली माझी मैत्रीण सातवीची मुलगी व्हायची आणि करंगळी वर करून विचारायची, "मॅडम, जाऊ?" माझ्याहून आठ वर्षांनी मोठे एक दादा होते, शेती सांभाळून बी.एड. करणारे. ते मागे बसून मुद्दाम बेडकासारखा आवाज काढत. चेतक बदल कौशल्याच्या दिवशी वर्गात फिरायचं, आवाज चढवायचा-उतरवायचा, हातवारे करायचे असं सांगितलं होतं. मी पिंजऱ्यातल्या वाघासारख्या येरझारा घातल्या. प्रबलन कौशल्याच्या दिवशी मुलांना शाबासकी द्यायची होती आणि निरीक्षक प्रत्येक शाबासकीला तक्त्यात एक रेघ ओढत. मी सहा मिनिटांत चौदा वेळा 'छान' म्हणाले, त्यातलं एक 'छान' चुकीच्या उत्तराला. रेघ मात्र त्याचीही ओढली गेली.

हसू येतं खरं, पण हे सगळं फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. फळ्यावर सरळ ओळीत लिहायला मी तिथेच शिकले. प्रश्न विचारून दोन क्षण थांबायला, आधी प्रश्न आणि मग नाव घ्यायला, 'समजलं का?' हा निरुपयोगी प्रश्न गिळायला तिथेच शिकले. आज बारा वर्षं शिकवणारेही वर्गाकडे पाठ करून बोलतात तेव्हा मला त्या ३६ मिनिटांबद्दल आदर वाटतो. माझी तक्रार वेगळी आहे. कौशल्यांच्या त्या यादीत ऐकण्याचं कौशल्य नव्हतं.

तर आठवी ब. मुलीनं परवानगी दिली आणि मी धडा घेतला. स्वातंत्र्यलढ्याचं अंतिम पर्व, छोडो भारत. माझ्याजवळ रोलअप फळा होता, गवालिया टँक मैदानाचं रंगवलेलं चित्र होतं, महाराष्ट्राचा नकाशा होता, त्यात मुंबईवर लाल टिकली. मुलांनी शब्द पाळला. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर आलं, आणि तेही कसं, तर माझ्या वहीत लिहिल्यासारखं. मागच्या आठवड्यातल्या सरांच्या वहीतही तेच असणार. एक मुलगा तर मी प्रश्न अर्धा केला की हात वर करी, आणि मग मागच्या बाकावर सर लिहितायत की नाही ते वळून बघे. त्यांना सगळं ठाऊक होतं. मार्क कोणाला मिळतात, कशासाठी मिळतात, कोणत्या तासाला गोंधळ घालायचा नाही, हे सरावशाळेतल्या मुलांना जितकं कळतं तितकं आमच्या मार्गदर्शिकेत लिहिलेलं नव्हतं. मधल्या सुट्टीत ती विचारत, "मॅडम, आज तुमचं निरीक्षण हाय का?" हो म्हटलं की तास सुरळीत, नाही म्हटलं की त्यांची सुट्टी. एकदा माझी चिठ्ठी पाकिटातून निसटली, तर पहिल्या बाकावरच्या पोरीनं ती पायाखाली दाबून ठेवली आणि सर गेल्यावर परत दिली.

मी सांगत होते, "१४ जुलै १९४२ रोजी वर्धा इथे राष्ट्रीय सभेच्या कार्यकारिणीनं ठराव मंजूर केला. पुढे ८ ऑगस्टला मुंबईत..." तेवढ्यात खिडकीजवळचा एक मुलगा, हात वगैरे वर न करता, म्हणाला, "मॅडम, हे वर्धा म्हणजे आपलंच का?"

मी म्हटलं, "हो, आपलंच. आता पुढे बघू."

पस्तीस मिनिटांच्या तासातली एकवीस संपली होती. पुढे मूल्यमापनाचे तीन प्रश्न आणि गृहपाठ बाकी होता. तिसऱ्यांदा चाललेल्या धड्यात त्या मुलाला हा प्रश्न त्या दिवशीच पडला, की आधीही पडला होता आणि तेव्हाही कुणी 'पुढे बघू' म्हटलं होतं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर वर्ग कुठे गेला असता? शाळेच्या फाटकातून बाहेर पडून सेवाग्रामच्या रस्त्याला लागला असता. आष्टीला गेला असता. १६ ऑगस्ट १९४२ ला आमच्याच जिल्ह्यात आष्टीच्या पोलीस ठाण्यासमोर गोळीबार झाला, माणसं मेली, पोलीसही मारले गेले. वर्गात आष्टीकडची दोन मुलं होती. माझ्या नकाशात टिकली फक्त मुंबईवर होती. सरांनी वहीत लाल शाईनं लिहिलं, "वर्गनियंत्रण उत्तम. वेळेचे नियोजन उत्तम." मला त्या पाठाला चांगले मार्क मिळाले, आणि माझ्या मते ते माझे नव्हतेच, आठवी बचे होते.

गंमत अशी की याच वर्ध्याचं नाव आमच्या अभ्यासक्रमात आणखी एकदा येई. 'टिपा लिहा: वर्धा योजना.' मार्क पाच. वर्ध्यात बसून, वर्ध्याबद्दल, गाइडमधून पाठ करून आम्ही ही टीप लिहिली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला इथल्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे आजच्या नवभारत विद्यालयात, शाळेच्या रौप्यमहोत्सवाचं निमित्त साधून शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते. परिषदेनं डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली, तिनं डिसेंबरात अहवाल दिला. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं. दिवसातले तीन तास वीस मिनिटं त्या उद्योगाला. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसनं ते स्वीकारलं, हिंदुस्थानी तालिमी संघ निघाला, शांतिनिकेतनात काम केलेले आशादेवी आणि आर्यनायकम हे दांपत्य सेवाग्रामी हे काम पाहू लागलं. समितीनं शिक्षकांच्या प्रशिक्षणाचाही अभ्यासक्रम आखून दिला होता. पाच मार्कांना एवढं पुरे.

टिपेत एक गोष्ट सहसा नसे, आणि मला ती फार उशिरा वाचायला मिळाली. परिषदेत सगळ्यांनी माना डोलावल्या नव्हत्या. मुलांनी काढलेल्या सुताच्या, मालाच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, शाळा स्वावलंबी व्हावी, हा गांधीजींचा आग्रह होता. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी त्याला तिथेच विरोध केला. मुलांच्या श्रमावर शाळा चालवायची का, हा त्यांचा आक्षेप. खुद्द समितीच्या अहवालातही, पैशाच्या बाजूवर भर देता देता शिक्षणाचा हेतूच बळी पडण्याचा धोका आहे, असा इशारा आहे. हे वाचलं तेव्हा मला आठवी ब आठवली. मुलांच्या सुतावर मास्तर पोसायचा की नाही यावर एवढी मोठी माणसं भांडली. मुलांच्या तासांवर मास्तर घडवायचा की नाही यावर कुणी भांडलेलं मी ऐकलं नाही. मी त्या वर्षी बसून मोजलं होतं. एकट्या आठवी बनं आमच्या कॉलेजचे सव्वीस पाठ सोसले, त्यांतले कितीतरी दुबार. त्यांच्या मॅडमना अभ्यासक्रम संपवायला शनिवारी ज्यादा तास घ्यावे लागले. आम्ही निघालो त्या दिवशी निरोप समारंभ झाला, आम्ही शाळेला घड्याळ भेट दिलं. मुलांना प्रत्येकी एक बॉलपेन आणि गोरसपाकाचा एक तुकडा.

डॉक्टरही रोग्यांवरच शिकतात, हे मला कळतं. न शिकता कुणी शिक्षक होत नाही आणि मुलांशिवाय शिकता येत नाही. म्हणून हे बंद करा असं मी म्हणत नाही. पण मेडिकलच्या विद्यार्थ्यानं त्याच रोग्याचं तेच गळू तिसऱ्यांदा कापलेलं कुणी चालवून घेईल का?

पहिल्या वर्षीची आंतरवासिता चार आठवड्यांची होती, देवळी तालुक्यातल्या एका गावात. दिवाळी नुकतीच सरली होती आणि कापसाची वेचणी सुरू होती. पटावर एकतीस, वर्गात बारा. "बाकीचे कुठे?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "वेचाले गेले जी." वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे सातवीतल्या पोरीही आईबरोबर जात. आठवड्यानं एक मुलगी वर्गात आली. तिच्या बोटांची टोकं बोंडांच्या काट्यांनी ओरखडलेली होती, पेन नीट धरता येत नव्हतं. रोज किती किलो झाला, काटा किती मारला, घरी किती पैसे आले, हे तिनं मला तोंडी सांगितलं. काटा मारणं म्हणजे काय ते मला तिच्याकडून कळलं. त्या दिवशी माझा पाठ 'ब्रिटिश सत्तेचे परिणाम' असा काहीसा होता आणि माझ्याजवळ कापसाच्या झाडाचं कार्डशीटवरचं चित्र होतं, पांढरा कापूस चिकटवलेलं. मी ते तिच्यासमोर धरलं आणि विचारलं, "हे काय आहे?" ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असेल, मॅडमना पऱ्हाटी माहीत नाही.

पुढे आमची सहल सेवाग्रामला गेली. बापूकुटी पाहिली. तिथे २००५ पासून आनंद निकेतन शाळा पुन्हा सुरू आहे, नई तालीमच्या, म्हणजे त्याच वर्धा योजनेच्या, वळणाची. मुलं शेतात, स्वयंपाकात, कातण्यात हात घालताना दिसली. आम्हांला टकळी दिली. माझा धागा पेळूपासून वीतभर निघाला की तुटे. शेजारच्या पोरानं न बोलता टकळी घेतली, धागा जोडून दिला, परत माझ्या हातात ठेवली. पुन्हा तुटला, पुन्हा जोडला. किती वेळा ते त्यानं मोजलं नाही, 'छान'ही म्हटलं नाही. आमच्या सहलीच्या अहवालात मी लिहिलं, "सेवाग्राम येथील वातावरण प्रसन्न व प्रेरणादायी आहे." असलं वाक्य लिहिणाऱ्या बाईला शिक्षक होण्याचं प्रमाणपत्र मिळालं, यात प्रमाणपत्राचा दोष किती आणि बाईचा किती, ते वाचकांनी ठरवावं.

बी.एड. झालं तेव्हा २०१९ चा उन्हाळा होता. त्यानंतरची कथा घरोघरची आहे, थोडक्यात सांगते. टीईटी दिली. नोकरीसाठी पवित्र पोर्टलवर जावं लागतं आणि त्यासाठी अभियोग्यता चाचणी लागते. ती २०१७ च्या डिसेंबरात होऊन गेली होती, तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते. पुढची झाली थेट २०२३ मध्ये. मधली वर्षं शिकवण्या घेतल्या, एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवलं, कोरोनात तेही गेलं. आमच्या तुकडीतले बेडकाचा आवाज काढणारे दादा आता पूर्णवेळ शेतीच करतात. माझा नंबर २०२४ ला लागला. शिक्षणसेवक, सहावी ते आठवी, मानधन महिना सोळा हजार. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक राहायचं, मग वेतनश्रेणी. २०२३ च्या आधी हे मानधन सहा हजार होतं, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही.

मी आता हिंगणघाट तालुक्यात शिकवते. वेचणीच्या दिवसांत इथेही पट रिकामा होतो. छोडो भारतचा धडा मी घेते तेव्हा नकाशावर तीन टिकल्या असतात, आणि तो धडा कधीच एका तासात संपत नाही, दोनतीन तास खातो, पुढचे धडे मागे पडतात. वेळेचं नियोजन वाईट.

यंदा आमच्या शाळेत नऊ छात्राध्यापक आले. कॉलेजचं पत्र घेऊन पहिल्याच दिवशी रांगेनं उभे राहिले, इस्त्रीचे कपडे, बगलेत रोलअप फळे. इतिहासाचे चौघे होते आणि त्यांतल्या तिघांना आठवीचा तोच धडा हवा होता, कारण त्याची चित्रं तयार मिळतात. मी एकीला दिला. बाकीच्या दोघांना वर्गात अजून न झालेले धडे दिले. एकाचा चेहरा पडला, म्हणाला, "मॅडम, टाचण लिहून झालंय जी." मी त्याला कोरी वही दिली आणि म्हटलं, मुलांच्या उत्तराचा रकाना तासानंतर भर, शब्द त्यांचे घाल. त्यानं ते त्याच्या सरांना विचारून सांगतो म्हटलं. सर नको म्हणाले. नमुना ठरलेला आहे. त्यामुळे तो आता दोन वह्या ठेवतो.

आठवीला मी एवढंच सांगून ठेवलंय, की धडा आधी झाला असेल तर उभं राहून सांगायचं, आणि 'पण तुम्ही घ्या' असं म्हणायचं नाही. परवा दोघींनी सांगितलं. छात्राध्यापक सर गडबडले, त्यांनी मागच्या बाकाकडे, माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. मग त्यांनी वही मिटली आणि मुलींना विचारलं, "बरं, मग त्यात काय राहिलं?"